केंद्र सरकारची ऑफिसातली नोकरी (एएसओ, दिल्ली) घ्यावी का? आत असलेल्यांनी खरं काय ते सांगा

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातला, वय २७, मेकॅनिकल झालंय, चार वर्षं पुण्यात एका कंपनीत आहे, हातात ५४ हजार पडतात. तिसऱ्या अटेम्प्टला सीजीएल (केंद्राची पदवीधरांसाठीची भरती परीक्षा) निघाली आणि सीएसएसमध्ये, म्हणजे केंद्रीय सचिवालय सेवेत, असिस्टंट सेक्शन ऑफिसर (एएसओ) मिळालंय, म्हणजे पगाराची लेव्हल ७ आणि पोस्टिंग दिल्ली. गावात पेढे वाटून झाले, ज्या क्लासला होतो त्यांनी चौकात माझा फ्लेक्स लावलाय, वडील रोज संध्याकाळी मुद्दाम त्या रस्त्याने जातात असं आई सांगत होती.

आणि मी इथं पुण्यात बसून विचार करतोय की जावं का नाही. लग्नाला दीड वर्ष झालंय, बायको पुण्यातच एका कंपनीत अकाउंट्सला आहे, वडिलांना शुगर, शेती सालगड्यावर. कुणालाही विचारलं की एकच उत्तर येतं, सरकारी आहे ना मग डोळे झाकून घे. डोळे झाकून घ्यायची नाहीये म्हणून इथं विचारतोय. दिवसभर नक्की काम काय असतं? पाच वाजता खरंच सुटतात का? दिल्लीत तेवढ्या पगारात दोघांचं भागतं का? महाराष्ट्रात परत यायचा काही रस्ता असतो का? आणि कुणाला पस्तावा झाला असेल तर तेही सांगा प्लीज, पेढे खाणाऱ्यांना हे विचारता येत नाही.

दिल्लीकर_कोल्हापूरचा

पहिल्यांदा अभिनंदन भावा. तीन अटेम्प्ट म्हणजे काय असतं ते मला माहिती आहे. मी २०१९ ला जॉईन झालोय, पोस्ट तुझीच, तेव्हापासून दोन मंत्रालयं झाली.

कामाचं सांगतो. सकाळी कॉम्प्युटरवर ई-ऑफिस (फाईलींची सिस्टिम) उघडलं की डाक आलेली असते. कुठल्या तरी राज्याचं पत्र, कुणाचा अर्ज, आरटीआय, खासदाराचं पत्र, कोर्टाची नोटीस. एकेक कागद घ्यायचा, त्यावर आधी काय ठरलंय ते जुन्या फाईलीत शोधायचं, नियम काय म्हणतो ते काढायचं, मग नोटिंग (फाईलीवरची टिपणी) लिहून उत्तराचा ड्राफ्ट जोडून एसओकडे, म्हणजे सेक्शन ऑफिसरकडे, पुटअप करायचं. तिथून अंडर सेक्रेटरी, मग डायरेक्टर, गरज पडली तर जॉइंट सेक्रेटरी, आणि बरेचदा मधूनच फाईल खाली येते, वर एवढंच लिहिलेलं असतं की प्लीज डिस्कस. मग उठून केबिनमधे जायचं आणि उभ्या उभ्या समजावून सांगायचं. हे दिवसातून दहावेळा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कागद हलवतात, पण त्या नोटिंगमधे पहिला शब्द तुझा असतो, आणि बऱ्याच वेळा वरच्यांनी फक्त सही केलेली असते.

एक सांगतो म्हणजे अंदाज येईल. नांदेडकडच्या एका आजींचं प्रकरण माझ्याकडं आलं होतं, नवरा हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कॅम्पवर होता, त्याच्या पश्चात पेन्शन आपल्या नावावर व्हावी म्हणून अर्ज. पत्र मराठीत, नातवाच्या अक्षरात, खाली आजींचा अंगठा. सेक्शनमधे मराठी वाचणारा मी एकटाच म्हणून ते माझ्याकडं. अडलं कुठं होतं तर एका कागदावर नाव गंगाबाई आणि बँकेच्या पासबुकावर गंगूबाई, एवढंच. त्यासाठी राज्याकडून खुलासा मागवायचा, तो चुकीच्या फॉरमॅटमधे आला की परत पाठवायचा, परत स्मरणपत्र. चार महिने लागले. ज्या दिवशी सँक्शनची ऑर्डर निघाली त्या दिवशी मी त्या नातवाला फोन केला, तो म्हणाला आजी शेजारीच बसलीय आणि फोन तिच्या कानाला लावला. ती काहीतरी बोलली, मला नीट कळलंही नाही, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. प्रायव्हेटमधे पगार मिळेल, हे मिळेल का मला माहिती नाही. पण त्याच वेळी हेही खरं की चार महिने लागायला नको होते, आणि त्यातलं माझ्या हातात फार थोडं होतं. दोन्ही एकदम सहन करायची तयारी पाहिजे.

पाच वाजता सुटतात का? साधारण साडेपाच-सहाला सुटतो, शनिवार-रविवार सुट्टी, बायोमेट्रिक आहे त्यामुळं येण्याची वेळ पाळावीच लागते. पण संसदेचं अधिवेशन सुरू झालं की हे सगळं विसरायचं. आपल्या विषयावर तारांकित प्रश्न लागला की उत्तर, त्यासोबतची आकडेवारी, मंत्र्यांना सभागृहात उपप्रश्न आले तर काय सांगायचं त्याच्या नोट्स, हे सगळं हिंदी-इंग्रजी दोन्हीत, आणि एक आकडा चुकला तर तो सभागृहात चुकतो. रात्री अकराला निघालोय मी कितीतरी वेळा, बाहेर दोन डिग्री थंडी आणि मेट्रो पकडायची घाई.

पैसे. डीए (महागाई भत्ता) ५८ टक्के धरून सांगतो. बेसिक ४४,९००, डीए २६,०४२, दिल्ली एक्स सिटी (मोठ्या शहरांचा गट) म्हणून एचआरए (घरभाडे भत्ता) ३० टक्के म्हणजे १३,४७०, आणि ट्रान्सपोर्ट ३,६०० वर डीए म्हणजे ५,६८८. झाले ९०,१००. यातून पेन्शनचे १० टक्के साधारण ७,१०० जातात, सीजीएचएसचे (केंद्राची आरोग्य योजना) ६५०, बाकी किरकोळ. हातात ८२ हजारांच्या आसपास, नवीन टॅक्स रेजिममधे यावर सध्या टॅक्स लागत नाही. तुझ्या ५४ पेक्षा जास्तच आहे, पण पुढच्या दहा वर्षांत तुझे कंपनीतले मित्र कुठं जातील आणि तू कुठं असशील हाही हिशोब कर, कारण इथं वर्षाला ३ टक्के इन्क्रिमेंट आणि डीए, बास. प्रमोशन सावकाश आहे. माझ्या आधीच्या बॅचेसमधले कितीतरी जण अजून एएसओच आहेत.

राहायचं म्हणशील तर मी सुरवातीला लक्ष्मीनगरला भाड्याने होतो, १७ हजार. चौथ्या वर्षी टाईप थ्री क्वार्टर लागलं, मग एचआरए बंद होतो पण मधल्या जागी राहायला मिळतं, ऑफिस वीस मिनिटांवर. फक्त नोव्हेंबरची हवा. माझ्या आईला दमा आहे, ती दिवाळीनंतर इथं राहूच शकत नाही, आणि त्यामुळं माझी दिवाळी दरवर्षी दोन तुकड्यात होते.

परत यायचं? सीएसएस म्हणजे दिल्ली, हे मनाशी पक्कं करूनच ये. डेप्युटेशनवर मुंबई-बिंबई मिळू शकतं, काही वर्षांसाठी, पण ते धरून संसार मांडू नको. मी गोवा एक्सप्रेसचं तिकीट दोन महिने आधी काढून ठेवतो, मिरजेला उतरून घरी. वर्षातून तीनदा. चौथ्यांदा गेलो ते वडिलांच्या दहाव्याला, आणि शेवटचं बघायला मिळालं नव्हतं.

पस्तावा म्हणशील तर नोकरीचा नाही. अंतराचा आहे.

चिपळूणची_लेक

वरच्या दादांनी सगळं लिहिलंच आहे, मी मुंबईची बाजू सांगते कारण तुझ्या बायकोनेही हे वाचावं असं मला वाटतं.

मी २०१४ ला टॅक्स असिस्टंट म्हणून लागले, म्हणजे तुझ्यापेक्षा बरीच खालची पोस्ट, आता डिपार्टमेंटल परीक्षा देऊन इन्स्पेक्टर आहे. माझ्यासाठी या नोकरीचा सगळ्यात मोठा फायदा पगार नाही, रजा. बाळंतपणाची १८० दिवस भरपगारी रजा मिळाली, आणि चाइल्ड केअर लीव्ह ही पूर्ण नोकरीत ७३० दिवस, पहिले ३६५ पूर्ण पगारावर आणि पुढचे ८० टक्क्यांवर. माझा मुलगा दोन वर्षांचा असताना सारखा न्यूमोनियाने आजारी पडायचा तेव्हा मी सलग तीन महिने घरी होते आणि नोकरी शाबूत होती. माझ्याच बिल्डिंगमधल्या एकीला त्याच वेळी कंपनीतून राजीनामा द्यावा लागला, तिची मुलगी तर माझ्या मुलापेक्षा कमी आजारी होती.

पण नियमात आहे म्हणजे हातात आहे असं समजू नकोस. रजा मंजूर करणारा माणूस असतो. एका साहेबांनी माझा अर्ज १९ दिवस टेबलावर ठेवला, नाही म्हणाले नाहीत आणि हो पण म्हणाले नाहीत, रोज विचारायला गेलं की बघतो. मुलाला सलाईन लागलेलं आणि मी केबिनबाहेर उभी. त्यांच्यानंतर आलेल्या मॅडमनी दुसरा अर्ज दुपारपर्यंत सही करून दिला. खातं तेच, नियम तोच. तेव्हा कुणी सांगितलं की सरकारीत सगळं नियमाने चालतं तर अर्धं खरं माना.

क्वार्टरचंही तसंच. मुंबईत स्टेशनपासून चालत अंतरावर दोन खोल्या, आमच्या पगारात ही गोष्ट बाहेर शक्यच नाही, त्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते. पण पहिल्या पावसाळ्यात बेडरूमच्या स्लॅबमधून पाणी गळायचं, कंप्लेंट नोंदवली की माणूस येऊन बघून जायचा, वहीत सही घ्यायचा आणि जायचा. आम्ही पलंग सरकवून बादली ठेवून चार महिने काढले. शेवटी दिवाळीनंतर काम झालं, आणि चांगलं झालं, नंतर आजतागायत गळलं नाही.

सीजीएचएस मात्र मनापासून चांगलं वाटतं मला. सासूबाई माझ्यावर अवलंबून दाखवलेल्या आहेत, त्यांची बीपी-शुगरची औषधं दर महिन्याला दवाखान्यातून मिळतात. मुंबई, पुणे, नागपूर, तिन्हीकडे सेंटर आहेत. तुझ्या वडिलांना शुगर आहे म्हणतोस, ते उत्पन्नाच्या अटीत बसून अवलंबून ठरत असतील तर त्यांचं नाव कार्डावर टाक. फक्त कार्ड दिल्लीचं आणि वडील लातूरला असं झालं तर रोजच्या औषधांना उपयोग काय, हे आधी विचार.

तुला एक विचारू का? प्रेफरन्स भरताना एएसओ वर आणि इन्स्पेक्टर खाली का टाकलं होतंस? इन्कम टॅक्सला मुंबई झोन मिळाला असता तर शुक्रवारी रात्री बसलं की सकाळी लातूर.

मांजराकाठ

ताई, खरं सांगतो, क्लासमधे सगळे म्हणायचे सेक्रेटरिएट वर टाका, पॉलिसी लेव्हलचं काम आहे, फिल्डची कटकट नाही. बाकी कुणी नव्हतं विचारायला. आमच्या तालुक्यातून सेंट्रलला गेलेलं मला माहितीतलं कुणीच नाही, सगळी पोरं पोलीस भरती, तलाठी नाहीतर एमपीएससी. तुमचं वाचून बायको दोन मिनिटं गप्प बसली आणि मग १९ दिवसांचा भाग परत वाचला.

राजीनामा_दिलेला

मी दुसऱ्या बाजूचा. ऑडिटर होतो, लेव्हल ५, महाराष्ट्राबाहेर पोस्टिंग, चार वर्षं केलं आणि २०२२ ला सोडून पुण्यात आलो. घरच्यांनी सहा महिने नीट बोलणं टाकलं होतं माझ्याशी, मामा म्हणाले पोराने लक्ष्मीला लाथ मारली. तरी मला चुकलं असं वाटत नाही, का ते सांगतो.

काम वाईट नव्हतं. सुरवातीला मला आवडायचंही, व्हाउचर तपासताना एखादी गफलत सापडली की बरं वाटायचं. पण दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की शेजारी बसणारा जो माणूस दुपारी तीननंतर जागेवर नसायचा त्याला आणि मला १ जुलैला तेच ३ टक्के मिळाले. एपीएआरमधे (कामाचा वार्षिक अहवाल) दहापैकी मार्क असतात पण बेंचमार्कच्या वर दोघंही. बरं, त्याचं काम कुणाकडं? माझ्याकडं. जो करतो त्याच्याकडं कागद येतात, जो करत नाही त्याला कुणी देत नाही, कारण त्याच्याकडं दिलं की अडकतं. हे मी साहेबांना बोललो तर ते म्हणाले तू तरुण आहेस, कर. चांगला माणूस होता, त्याच्याही हातात काही नव्हतं. हे सगळ्यांच्या बाबतीत होतं असं नाही, दिल्लीकरांसारखी मनापासून करणारी माणसं मी पण पाहिलीत, आणि खरं सांगायचं तर सरकार त्यांच्याच खांद्यावर चाललंय, म्हणूनच मला जास्त राग येतो.

दुसरं म्हणजे कंडक्ट रूल्स. हे कुणी क्लासमधे सांगत नाही. १९६४ चे नियम आहेत, जॉईन व्हायच्या आधी एकदा शांतपणे वाच. परवानगीशिवाय दुसरा धंदा-नोकरी चालत नाही. मी रविवारी गावाकडच्या पोरांना ऑनलाइन गणित शिकवायचो, नाममात्र फी घ्यायचो, कुणीतरी तक्रार केली आणि मला मेमो आला. चूक माझीच होती, विचारून करायला पाहिजे होतं, पण मग परवानगी मागितली तर तो अर्ज आठ महिने फिरत राहिला. दोन महिन्यांच्या बेसिकपेक्षा महागाची वस्तू घेतली, गाडी म्हण, की महिन्याच्या आत ऑफिसला कळवायचं. शेअर्समधे सारखी खरेदी-विक्री म्हणजे सट्टा धरतात, ती बंद. राजकीय पोस्ट तर विसरूनच जा. मांजराकाठ, तू फेसबुकवर पीक विम्यावर, हमीभावावर लिहित असशील तर हात आखडता घ्यावा लागेल, आणि शेतकऱ्याच्या पोराला ते किती जड जातं ते मला माहिती आहे.

माझं म्हणणं नोकरी घेऊ नको असं नाही. मी सोडली तेव्हा मला पुण्यात काम मिळालं कारण मी ती चार वर्षं रात्री बसून डेटाचं शिकत होतो. तू पण गेलास तर पहिल्या चार-पाच वर्षांत हातातलं कसब जाऊ देऊ नको. पस्तिशीनंतर सोडायचं म्हटलं तर बाहेर कुणी विचारत नाही की तुमचं नोटिंग किती चांगलं होतं.

निवृत्त_काका_ठाणे

मी १९८३ साली लोअर डिव्हिजन क्लार्क म्हणून मुंबईत एका केंद्रीय कार्यालयात लागलो. तेव्हा शनिवारीही ऑफिस असे, पाच दिवसांचा आठवडा १९८५ पासून झाला, तो पहिला मोकळा शनिवार मला अजून आठवतो, हिला घेऊन राणीच्या बागेत गेलो होतो. २०२१ ला साठ पूर्ण होऊन निवृत्त झालो. ऑफिसात निम्मा स्टाफ मराठी होता त्या वेळी, गिरगाव, परळ, डोंबिवलीकडची मुलं, टायपिंगच्या परीक्षा देऊन आलेली. नंतर नंतर नवीन बॅच आली की मराठी आडनाव शोधावं लागे. आपली मुलं या परीक्षांचे फॉर्मच भरत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून तुझं नाव लागलं हे वाचून आनंद झाला, सगळ्यात आधी तो कळवतो.

पेन्शनबद्दल इथं कोणी लिहिलं नाही. मला जुनी पेन्शन आहे. १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना एनपीएस आली, त्यात तुझे १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के बाजारात गुंतवले जातात, शेवटी हातात काय येईल ते बाजारावर. आता १ एप्रिल २०२५ पासून यूपीएस हा दुसरा पर्याय आहे. त्यात २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या ५० टक्के ठराविक पेन्शन आणि वर महागाई, माणूस गेला तर जोडीदाराला त्याच्या ६० टक्के. तुझं वय २७, म्हणजे साठपर्यंत ३३ वर्षं होतात, तू बसतोस त्यात. पण पंचवीस वर्षं सेवा व्हायच्या आत सोडणार असशील तर गणित वेगळं आहे. नवीन माणसाला जॉईन झाल्यापासून ३० दिवसांत पर्याय द्यायचा असतो, आणि त्या ३० दिवसांत तू दिल्लीत खोली शोधत असशील, तेव्हा हे आत्ताच बसून ठरव, सुनबाई अकाउंट्सला आहे म्हणतोस तर तिच्याकडूनच आकडे मांडून घे.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र वयाच्या ४४ व्या वर्षी हार्टने गेला. दोन मुली लहान. तेराव्याच्या आत ऑफिसातल्या दोघा जणांनी त्याच्या बायकोचे सगळे कागद भरले, मी तिच्याबरोबर बँकेत गेलो. फॅमिली पेन्शन सुरू झाली, पुढे अनुकंपावर तिला नोकरी लागली, त्याला अडीच वर्षं लागली पण लागली. थोरली मुलगी आता डॉक्टर आहे. तुम्ही मुलं इन्क्रिमेंट आणि प्रमोशनचं बोलता ते बरोबरच आहे, माझ्याही मुलाने प्रायव्हेट धरलं आणि मी अडवलं नाही. पण ते घर उभं राहताना मी बघितलंय, त्यामुळे ही नोकरी हलकी आहे असं माझ्यासमोर कोणी म्हटलं तर मला लागतं.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार, काका तुमचं वडिलांना वाचून दाखवलं फोनवर. त्यांनी पहिल्यांदाच विचारलं की दिल्ली किती लांब पडते रे. आतापर्यंत ते विचारलंच नव्हतं त्यांनी.

आम्ही दोघांनी असं ठरवलंय की नकार द्यायचा नाही पण आधी दोघांनी मिळून दिल्ली बघून यायची, डिसेंबरात आठ दिवस. तिच्या कंपनीत तिने घरून कामाचं विचारलंय, त्यांनी अजून हो म्हटलं नाही. हो म्हटले तर दोघं जाऊ. नाही म्हटले तर मी जॉईन होऊन पुढच्या वर्षी परत परीक्षा देऊन इन्स्पेक्टरला ट्राय करावं का हा विचार आहे, वय बसतंय. आतून दुसरी परीक्षा देता येते का? आणि कंपनीचा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे, तोपर्यंत थांबतात का?

दिल्लीकर_कोल्हापूरचा

देता येते, पण ऑफिसला रीतसर कळवून, एनओसी घेऊन दे. आणि निघालास तर साधा राजीनामा टाकू नको, टेक्निकल रेझिग्नेशन (दुसऱ्या सरकारी पोस्टवर जाण्यासाठीचा राजीनामा) दे, म्हणजे आधीची सर्व्हिस धरली जाते. माझ्या बॅचच्या एकाने घाईत साधा राजीनामा लिहिला आणि मग दोन वर्षं पत्रव्यवहार करत बसला.

जॉईनिंगला मुदतवाढ मागता येते, ऑफर लेटर आलं की लगेच लेखी माग, कारण लिही आणि कंपनीचं नोटीस पिरियडचं पत्र जोड. फोनवर कुणी हो म्हणालं त्यावर थांबू नको. ओबीसीतून असशील तर नॉन क्रिमिलेअर आणि जातीचं सर्टिफिकेट सेंट्रलच्या फॉरमॅटमधे लागतं, राज्याचं चालत नाही, आपल्याकडची पोरं नेमकी इथं अडकतात. तहसीलला आत्ताच जा. सर्व्हिस बुकमधे होम टाऊन म्हणून लातूरचं गाव घाल, पुणे नको, एलटीसी (गावी जायचा प्रवासखर्च) त्यावर मिळते.

डिसेंबरात येताय तर शनिवार-रविवार धरून या, मी मोकळा असतो, दोन-तीन कॉलन्या आणि भाड्याच्या जागा दाखवतो दोघांना. वहिनींना म्हणावं पुण्याचा स्वेटर इथं पुरत नाही, जाड काहीतरी आणा.